गुढीवरचं शिसं

मी एकदा तीन तास खांबाचं काम केलेलं आहे.

सालगडी राहिलो, ऊस तोडला, दुष्काळात रोजगार हमीवर खडी फोडली. ती कामं कुठं ना कुठं कागदावर आहेत. खांबाचं काम मात्र कुणीच लिहून ठेवलं नाही, म्हणून मीच लिहितो. (माझं शिक्षण चौथी. पण तिसरीत दोनदा बसलो, म्हणजे पाचवी धरायला हरकत नाही!)

कौसा असती तर तिनं हे लिहू दिलं नसतं. कौसा म्हणजे माझी बायको. तिचं म्हणणं, घरातला येडेपणा घरातच राहावा. आता ती गेली. घरात मी एकटा, आणि येडेपणा काही घरात मावत नाही.

त्या साली होळीच्या आधीच पट्टा पडला, म्हणजे साखर कारखाना बंद झाला. दुष्काळच तसला होता. ऊसच नव्हता, तर तोडता काय, कपाळ? आम्ही नवरा-बायको गाठोडं घेऊन गावात उतरलो. उतरताना कौसाचा गुडघा असा वाजला, की ड्रायव्हर खाली उतरून गाडीचा पाटा तुटला का ते बघायला लागला. ती रस्त्यावरच थांबली आणि म्हणाली,

"अवो, ह्यो कोयता मी आता कांदा चिरायला सुदिक धरायची न्हाई."

"मग खायचं काय?"

"ते आता तुमी बघा. वीस साल मी बघितलं."

झालं! बघायचं काम माझ्याकडं आलं. आणि मी बघायला लागलो की काय होतं, ते आमच्या अख्ख्या केज तालुक्याला माहीत होतं.

गावाशेजारच्या धरणाचं पाणी आटून आटून डोहाएवढं उरलं होतं. पण त्या डोहात धरणभर मासे गोळा झालेले. ते धरायचा हक्क आमच्या गावच्या मच्छीमार संस्थेला. संस्थेतला एक म्हातारा लेकाकडं पुण्याला निघून गेला आणि सभासदाची एक जागा रिकामी झाली. मी तडक चेअरमन आबासाहेबांपुढं जाऊन उभा राहिलो. आबासाहेब म्हणजे पांढरंशुभ्र धोतर, नगाऱ्याएवढं पोट, आणि अंबाजोगाईहून नुकतीच बसवून आणलेली नवी कोरी कवळी. ती कवळी लोकांनी बघावी म्हणून ते कारण नसताना हसायचे.

"आबा, मला सभासद करा."

"तू? बे दगडू, मासा कुठल्या बाजूनं पव्हतो, ते तरी ठावं हाय का तुला?"

"तोंडाच्या," मी म्हणलं.

सगळे खो खो हसले. (उत्तर बरोबर होतं, तरी हसले!)

आबासाहेब म्हणाले, "हे बघ. पाडव्याला संस्थेची गुढी उभारली की आपण सालाचा पहिला मासा धरतो आन् परत पाण्यात सोडतो. यंदा त्यो तू धरायचा. समद्यांम्होरं गळ टाकायचा. मरळ वर आली, तर तितंच सही देतो. न्हाई आली, तर गप कोयता उचलायचा."

मरळ म्हणजे चिखलातला दांडगा मासा. दिसायला सापासारखा आणि वागायला चुलत भावासारखा.

पण मला एक युक्ती माहीत होती. पाटबंधारे खात्यातले एक साहेब कधीमधी सुट्टीला डोहावर यायचे. त्यांच्या गळाला ना गांडूळ, ना कणकीची गोळी. गळाच्या वर शिशाचं रंगवलेलं डोकं! मी विचारलं, "साहेब, मरळ हे शिसं कावून खाती?"

साहेब म्हणाले, "खात नाही. हे पाण्यात तिच्यासमोर नाचतं, तिला राग येतो, आणि ती अंगावर धावून येते."

"म्हणजे आमच्या घरच्यावानीच म्हणा की!"

मागं कौसा पाण्याची घागर घेऊन उभी होती. त्या दिवशी मला रात्रीची भाकर वाळलेलीच मिळाली.

केजच्या बाजारात भंगारवाल्याकडून टेलिफोनच्या जुन्या केबलवरचं शिसं आणलं. आता डोकी ओतायला साचा पाहिजे. साचा घरातच होता! कौसाचा बाप जत्रेत बत्तासे विकायचा. त्यानं लेकीला लग्नात दोन सागवानी साचे दिले होते, एक जुना, एक नवा. पाडव्याला गुढीवर साखरेची माळ चढवतात ना, गाठी, तिचे ते साचे. लाकडात बारा फुलं कोरलेली, मधून दोरा ठेवायला खाच. पाक ओतला की दोऱ्यात ओवलेली बारा फुलं तयार! दर पाडव्याला कौसा गाठ्या करून विकायची. मी विचार केला, साखरेच्या जागी शिसं, दोऱ्याच्या जागी तार. मग तार मधीमधी तोडायची, एकेका फुलाला एकेक गळ बांधायचा. बारा डोकी एका दमात! माझ्या हुशारीनं माझंच डोकं गरगरलं.

कौसा टँकरच्या रांगेत गेली, तसा मी चुलीपुढं बसलो. दुष्काळात बायको टँकरला गेली की नवऱ्याला दोन तासांचं राज्य मिळायचं. फोडणीच्या पळीत शिसं ठेवलं. ते दुधावाणी चकाकायला लागलं. आणि इथं मला एक मोलाची गोष्ट आठवली. पाक ओतायच्या आधी कौसा साचा पाण्यात भिजवून ठेवते, म्हणजे साखर चिकटत नाही. वीस वर्षं मी ते बघत आलो होतो. मी काय अडाणी आहे का? साचा चांगला तासभर भिजवला, निथळता बाहेर काढला, आणि वितळलेलं शिसं त्यात ओतलं.

धडाम!

बायांनो, बाप्यांनो, उकळतं शिसं ओल्या लाकडावर कधी ओतू नका! ते साच्यात थांबतच नाही. ते पत्र्याकडं गेलं, भिंतीकडं गेलं, उतरंडीकडं गेलं. एक थेंब माझ्या टोपीतून आरपार गेला. (डोकं वाचलं. आत काही अडथळा नसेल.) धोतराला सात भोकं पडली. मांजर जे गेलं, ते तिसऱ्या दिवशी शेजारच्या गावात दिसलं.

धूर बघून कौसा रांग सोडून लंगडत पळत आली.

"काय पेटवलं?"

"काय न्हाई. गाठी करतोय."

"शिशाची?"

"मरळीसाठी."

तिनं पत्र्याकडं बघितलं, पळीकडं बघितलं, माझ्या धोतरातल्या उजेडाकडं बघितलं. मला वाटलं, आता सरपणातलं लाकूड येतंय. पण ती खाली बसली आणि गुडघा चोळत म्हणाली,

"साचा कावून भिजवला?"

"तू भिजवतीस म्हणून."

"मी साखर ओतती! अवो, वीस सालात माझ्याकडनं एक गोष्ट शिकला, ती बी भलत्या कामाला लावली?"

मग तिनंच तो जुना साचा दोन दिवस उन्हात खडखडीत वाळवला. "ह्यो आता तुमाला. पळी बी तुमाला. सैपाकात परत न्हाई आणायची. आन् माझ्या साखरंपासून चार हात लांब ऱ्हावा." मी ओतलं. लाकूड करपलं, घरभर स्मशानासारखा वास सुटला, पण माळ उतरली! तारेत ओवलेली बारा फुलं, पाकळी अन् पाकळी उमटलेली. उचलली तर दोन-अडीच किलो भरावी. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला गुलाबी अन् पांढरा रंग घरात होता, तो माळेला फासला. आणि वाळायला टाकली कुठं? तर अंगणातल्या दोरीवर, कौसाच्या गाठ्यांच्या रांगेत!

"येगळ्या जागंला टाका," कौसा म्हणाली.

"अगं, साखर कंची आन् शिसं कंचं, एवढं कळत न्हाई व्हय मला?"

मला कळत होतं. पण पाडव्याच्या सकाळी दारात आला तो संस्थेचा शिपाई महादू. त्याला कुठं काय कळत होतं!

कौसा मागच्या दारी आमची गुढी सजवत होती. मी न्हाणीत, डोळ्यांत साबण. महादू ओरडला, "दगडूमामा, आबासाहेबांनी संस्थेच्या गुढीची गाठी मागितली हाय. मोठी सांगितलीय, घसघशीत!"

"दोरीवरची घे!" मी आतून म्हणलं.

दोरी करकरली. मग महादू म्हणाला, "मामा, लईच भरीव केली हो!"

मी डोक्यावर तांब्या ओतत म्हणलं, "आमच्या घरात पोकळ काम न्हाई!"

अंग पुसून बाहेर आलो तर कौसा दोरीपुढं कमरेवर हात ठेवून उभी.

"माझी मोठी गाठी हितंच हाय. मग महादूनं काय नेलं?"

मी दोरीकडं बघितलं. माझी माळ नव्हती. साबण डोळ्यांतून गेला होता, तरी डोळ्यांपुढं अंधारी आली.

दोघं पळत सुटलो. संस्थेचं हापीस म्हणजे धरणाच्या बांधावरची पत्र्याची खोली. पोचलो तर गुढी उभी राहिली होती. उभी म्हणजे काय, कमानीसारखी! दुष्काळात वेळूसुद्धा हाडकलेला. त्याच्या टोकाला भरजरी लुगडं, कडुलिंबाचा डहाळा, वर पालथा तांब्या, आणि माझं अडीच किलो शिसं. बिचारा वेळू वाकून वाकून आबासाहेबांना मुजरा करत होता. महादू सुतळीवर सुतळी बांधत होता. एक म्हातारा म्हणाला, "गुढी झुकाया लागली. लक्षण बरं न्हाई. अवंदा बी पाऊस न्हाई." लगेच सगळ्यांचे चेहरे उतरले.

"सरळ करा!" आबासाहेब ओरडले. "खबरदार, गुढी पडली तर!"

मी कौसाच्या कानात म्हणलं, "सांगून टाकू का? गळाचं शिसं हाय म्हणून?"

"मासळीचा गळ गुढीवर चढवला म्हणून सांगता? तितंच पुरतील तुमाला. आन् सभासद कोण व्हईल, तुमचा पुतळा? जावा, धरा तो वेळू!"

मी पुढं झालो आणि दोन्ही हातांनी वेळू धरून उभा राहिलो. वेळू ताठ झाला. लोक म्हणाले, "वा!" आणि इथून माझं खांबाचं काम सुरू झालं.

आबासाहेबांनी आधी पूजा केली, सावकाश. मग भाषण केलं, त्याहून सावकाश. विषय, सहकार. "एकमेकां सहाय्य म्हंजे काय? ह्या दगडूकडं बघा! कुणी सांगितलं न्हाई, आपणहून गुढीला खांदा दिला!" टाळ्या! माझ्या नाकावर माशी बसली होती, सात भोकांच्या धोतरातून वारा खेळत होता. (दुसरं धोतर होतं कुठं?) आबासाहेब बोलतच होते. दुष्काळाचे सगळे प्रकार सांगून झाले, मग सहकाराचे फायदे. उन्हं टाळूवर आली. शेवटी ते म्हणाले, "आता सालाचा पहिला मासा. चल दगडू, टाक गळ!"

मी वेळूला मिठी मारून उभा. सोडला तर गुढी पडते, नाही सोडला तर सही जाते. आणि गळाला लावायचं शिसं माझ्या डोक्यावर तीन हात उंच!

"आबा, मी... मी गुढी सोडायची न्हाई. श्रद्धा हाय."

"मग गळ काय तुझी श्रद्धा टाकील?"

तेवढ्यात कौसा पुढं आली. "ह्यांच्या वतीनं मी टाकती."

बाप्यांत हशा पिकला. एकजण म्हणाला, "बाईमाणूस गळ टाकणार?"

कौसा त्याच्याकडं वळली. "उसात कोयता बाईमाणसाला चालतो. मोळी डोक्यावर घिऊन फळीवरनं ट्रकात चढलेलं चालतं. मग गळच कावून चालत न्हाई, भाऊ?"

भाऊ मागच्या रांगेत सरकला. मग ती आबासाहेबांना म्हणाली, "आबा, गुढीच्या गाठीतलं एक फूल द्या. आधी पाण्याला परसाद, मग आपल्याला."

आबासाहेबांना ते लई पटलं. महादू स्टुलावर चढला आणि खालचं एक फूल पिरगाळून काढून दिलं. (तार निघाली, तर 'अवंदा दोरा लई चिवट हाय' म्हणाला. असा शिपाई सरकारलासुद्धा मिळायचा नाही!) कौसानं त्याला गळ बांधला, गळाला तंगूस, म्हणजे मासेमारीची नायलॉनची दोरी, बांधली. आबासाहेब म्हणाले, "कौसाबाई, साखर हाय ती, पाण्यात इरघळंल की!"

"श्रद्धा घट्ट असली की इरघळत न्हाई, आबा."

ती खाली डोहाकडं उतरली. दुखऱ्या गुडघ्यानं, एकेक पाय टाकत. मला वरून सगळं दिसत होतं. मी म्हणलं, निदान मार्गदर्शन तरी करावं.

"डाव्या अंगाला टाक!" मी ओरडलो. तिनं उजव्या अंगाला टाकला.

"लांब टाक!" तिनं काठाशी टाकला.

"हलवू नको!" ती हलवायला लागली.

आणि दोरी ताणली! कौसा मागं रेलली, चिखलात पाय रोवले, दात-ओठ खाल्ले. मला तिच्या गुडघ्याचा आवाज बांधावर ऐकू आला, शपथ! मी वरून "सोडू नको, सोडू नको!" म्हणत होतो, आणि ते एकच तिनं माझं ऐकलं. हाताएवढी काळीभोर मरळ फडफडत चिखलात येऊन पडली. सगळा बांध ओरडला. मरळीच्या जबड्यात गुलाबी फूल, जसंच्या तसं!

आबासाहेबांनी ते निरखून बघितलं. एक पाकळी विरघळली नव्हती. त्यांचे डोळे पाणावले. "काय साखर हाय! काय श्रद्धा हाय! अरं महादू, मला बी काढ एक!"

"आबा, नगा!" मी ओरडलो.

"कावून नगो?"

मी म्हणलं, "साखर वाढंल!"

आबासाहेबांनी फूल तोंडात टाकलं आणि श्रद्धेनं चावलं.

कट्!

असा आवाज मी उसाच्या कांडीचासुद्धा ऐकलेला नाही. अंबाजोगाईच्या कवळीचे दोन तुकडे झाले. आबासाहेबांनी ते तळहातावर घेतले. त्यांवर बैलाच्या शिंगाचा गुलाबी रंग लागलेला. त्यांनी फूल बघितलं, तार बघितली, गळ बघितला, मग माझ्याकडं बघितलं. आणि बिनदातांनी असे काही ओरडले, की शिवी होती हे सगळ्यांना कळलं, पण कुठली होती ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही.

मी लगेच माफी मागितली. माफी मागायची तर हात जोडायला पाहिजेत. मी दोन्ही हात जोडले.

हात जोडले, म्हणजे वेळू सोडला!

गुढी सुटली, ती सरळ आबासाहेबांवर. लुगडं त्यांच्या अंगावर पसरलं, कडुलिंब खांद्यावर आला, आणि पालथा तांब्या बरोबर त्यांच्या फेट्यावर जाऊन बसला. एक घडीभर सगळ्यांना वाटलं, गुढी पडलीच नाही, जागा बदलून उभी आहे. 'लक्षण बरं न्हाई' म्हणणारा म्हातारा तर चक्क पाया पडला!

आधी कौसा हसली. तोंडावर पदर धरून, हातात मरळ धरून. मग सगळा बांध हसला. मग तांब्याच्या आतूनसुद्धा हसू ऐकू आलं.

आबासाहेबांनी शब्द मोडला नाही. मरळ परत पाण्यात सोडली, रजिस्टर मागवलं. मी पेन घ्यायला हात पुढं केला, तर त्यांनी माझा हात बाजूला सारला आणि बोट कौसाकडं केलं. बिनदाती बोलणं, पण हे मात्र साफ कळलं: "हिला. ह्या दगडाला न्हाई."

कौसानं अंगठा उठवला. संस्थेतली पहिली बाई सभासद! त्या सालानंतर तिनं कोयत्याला हात लावला नाही. पाऊसही पडला, बेताचा. गाव म्हणतं, गुढी पडूनसुद्धा एवढा पडला. ताठ राहिली असती तर धरण फुटलं असतं. पुढची कैक वर्षं कौसा गळ टाकायची, आणि मी मागं टोपली धरून बसायचो. 'डाव्या अंगाला' म्हणायचो, म्हणजे ती उजवीकडं टाकायची. आमची ती पद्धतच पडून गेली. मासा कधी हुकला नाही.

ती गेल्याला आता दुसरा उन्हाळा. काठावर जाऊन बसतो. 'डाव्या अंगाला' म्हणतो. दोरी कुणीच टाकत नाही.

परवा संस्थेत गेलतो, वारस म्हणून तिच्या जागी माझं नाव लावायला. नव्या सेक्रेटरीणबाई कागद भरता भरता म्हणाल्या, "बाबा, मासेमारीतलं तुम्हाला काय काय येतं?"

"बाई, काय येतं ते मला ठावं न्हाई. काय काय येत न्हाई, ते कौसाला तोंडपाठ व्हतं."

"मग या रकान्यात काय लिहू?"

मी म्हणलं, "ऱ्हाऊ द्या मोकळा. तिनं सांगितलेलं लिहाया बसलाव, तर जागा पुरायची न्हाई."